मगधाचे घरमालक

खोली बघायला गेलो, तर घरमालकांनी मला पगार विचारला नाही. आडनाव ऐकून "म्हणजे नेमके कोणते?" असंही विचारलं नाही. मी चपला काढून ओसरीवर उभा होतो, ते खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "शिशुनागानं कोणतं राज्य जिंकून मगधाला जोडलं?"

मी नुकताच बँकेत लागलो होतो आणि उमरखेडहून पहिल्याच नेमणुकीवर वणीला आलो होतो. बँकेची परीक्षा देताना असले प्रश्न शेकड्यानं पाठ केले होते, पण परीक्षेचं पाठांतर परीक्षेच्या खोलीतच राहतं. म्हटलं, "माहीत नाही सर."

"अवंती," ते म्हणाले. "पण ठीक आहे. माहीत नसताना वैशाली म्हणून ठोकून देणारे मी लय पाह्यले. सामान कधी आणता?"

अशी मला वणीत खोली मिळाली. भाडं किती ते दुसऱ्या दिवशी घरमालकीण काकूंनी सांगितलं. सरांना ते धड माहीतही नव्हतं.

सर वणीतल्याच एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. इतिहास म्हणजे मगध. बाकीचं जे काही जगात घडलं ते त्यांच्या लेखी एक तर मगधाच्या आधीचं होतं, नाही तर नंतरचं. पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांती असली तरी तास संपायच्या आत ते गंगेकाठी पोचलेले असायचे, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगत. आणि वणीत त्यांचे विद्यार्थी नाहीत असं दुकान नव्हतं. बँकेत माझ्या काउंटरवर ट्रकवाला येवो की मेडिकलवाला, मी कुठे राहतो हे कळलं की त्याचा चेहरा उजळायचा. "सरायच्या घरी? मंग सध्या कोन्तं घरानं चालू हाय?"

घराणं चालू होतं ते माझंच. त्याचं असं होतं, की सरांनी पुढच्या दोन खोल्यांमध्ये आजवर जे भाडेकरू ठेवले त्यांना मगधाच्या घराण्यांची नावं दिली होती, तीही क्रमानं. सगळ्यात पहिला आला तो कोळसा खाणीतला फिटर. तो हर्यंक. त्याच्यानंतर तालुक्याच्या ऑफिसातले एक कारकून सहकुटुंब आले, ते शिशुनाग. मग एक ट्रान्सपोर्टवाले आले. त्यांच्याकडे पाहुण्यांची इतकी ये-जा असायची की सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नसे. ते अर्थातच नंद. नंदांचं सैन्य अफाट होतं हे पुस्तकात लिहिलेलंच आहे. नंद गेले आणि मी आलो.

"म्हणजे मी मौर्य?" मी जरा खूश होऊन विचारलं. "चंद्रगुप्त?"

"ते तुमच्या कामावर ठरंल," सर म्हणाले. "सध्या नुसते मौर्य."

काम म्हणजे काय ते हळूहळू कळलं. या घरात एक रीत होती. जो भाडेकरू येईल त्यानं जाण्यापूर्वी घरात कशाची तरी भर घालायची. किंमत मोठी नको, पण वस्तू टिकणारी हवी. फिटरनं पुढचं फाटक करून दिलं होतं. शिशुनागांनी मागच्या बाजूचा ओटा बांधला, नंदांनी गच्चीवर पाण्याची अशी टाकी चढवली की गल्लीत कुणाकडे लग्न असलं तर पाणी आमच्याकडून जाई. सर या तिन्ही गोष्टी प्रत्येक पाहुण्याला हिंडवून दाखवत. "एका घराण्यानं राज्य मोठं होत नाही," ते म्हणत. "एक येतो, भिंत बांधतो, जातो. दुसरा येतो, त्या भिंतीवर छत टाकतो. मगध असंच वाढलं. लोक फक्त अशोकाचं नाव घेतात, कारण त्यानं दगडावर लिहून ठेवलं."

मी वर्षभरानं मोठ्या उत्साहानं दाराला बेल बसवून दिली. सरांनी ती दोनदा वाजवून पाहिली आणि मला बिंदुसार करून टाकलं. बिंदुसार म्हणजे चंद्रगुप्ताचा मुलगा आणि अशोकाचा बाप, ज्याच्याबद्दल परीक्षेत कधी प्रश्न येत नाही. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू?

वणीत राहून पांढरा शर्ट घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमची गल्ली चंद्रपूर रोडला लागून. दिवसभर कोळशाचे ट्रक जात. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी काळी होत असे. पण सर रोज कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून संध्याकाळी रोडपर्यंत फिरायला जात आणि येताना खांद्यावर, कॉलरवर काळी पावडर घेऊन येत. काकू बडबडत बडबडत तो साबणात भिजवत. "एक दिवस रंगीत घातला तं मगध बुडून राह्यलं काय?" त्या विचारायच्या. सरांना हा प्रश्न वाटत नसे, म्हणून ते उत्तर देत नसत.

नाही तर प्रश्नाला उत्तर न देता पुढे जाणं त्यांना जमत नसे. ही त्यांची खोड गल्लीत सगळ्यांना माहीत होती. ज्याला घाई असे तो सरांना काही विचारत नसे आणि ज्याला मजा करायची असे तो मुद्दाम विचारत असे. एकदा गॅसवाल्यानं खांद्यावर भरलेलं सिलेंडर घेऊन जाता जाता सहज विचारलं, "सर, ते अजातशत्रूनं इतक्या जुन्या काळात मोठी राज्यं कशी काय पाडली हो?" झालं. महाशिलाकंटक म्हणजे दगड फेकणारं यंत्र आणि रथमुसल म्हणजे लोखंडी मुसळं लावलेला रथ, हे दोन्ही पूर्ण समजेपर्यंत सरांनी त्याला जागचं हलू दिलं नाही. बिचारा सिलेंडर खाली ठेवायलाही विसरला.

त्यांचा स्वतःचा लाडका प्रश्न एकच होता. "मगधच का मोठं झालं? दुसरं कोणतं का नाही?" आणि मग हाताची चार बोटं एकेक करून उघडत. लोखंड, हत्ती, नद्या आणि सासरे. पहिली तीन कारणं पुस्तकातली. चौथ्यावर ते खरे खुलायचे. बिंबिसारानं लढाया कमी केल्या आणि सोयरिका जास्त केल्या. कोसलची राजकन्या केली, तिच्याबरोबर काशीच्या एका गावाचं उत्पन्न आलं. लिच्छवींची केली, उत्तरेची सीमा शांत झाली. "तलवारीनं राज्य घेता येतं," सर म्हणत, "पण ते झोपेत राखावं लागतं. सासरे चांगले असले म्हणजे झोप लागते."

त्यांचं स्वतःचं सासर मुकुटबनचं. दरवर्षी तुरी निघाल्या की काकूंच्या माहेराहून तुरीचं एक पोतं येई. त्याचं नाव काशी. "काशी आली का?" असं सर जानेवारीपासून विचारायला लागायचे. सासरे वारले तेव्हा सर फार उदास झाले होते, पण त्यातही त्यांनी काकूंना सांगितलं म्हणे, की आता कोसलवाले काशी परत मागतील, इतिहासात तसंच झालं होतं. काकूंच्या भावांनी असलं काही केलं नाही. उलट पोतं मोठं यायला लागलं. हे इतिहासात बसत नव्हतं, त्यामुळे सर दरवर्षी पोत्याकडे थोडं संशयानं बघत.

एकदा रोडवर उभे असताना मी त्यांना विचारलं, "सर, मगधाकडे लोखंड होतं, आपल्याकडे कोळसा आहे. वर्धा आहे, पैनगंगा आहे. संगम आहे. मग आपलं साम्राज्य कुठं अडलं?" समोरून ट्रकांची रांग चालली होती. सर तिच्याकडे बघत म्हणाले, "आपल्याले राजा नाही भेटला. ट्रान्सपोर्टर भेटले."

आता त्यांच्या मुलाबद्दल सांगायला पाहिजे. तो सोडून हे चित्र पुरं होत नाही.

सरांना एकच मुलगा. गल्ली त्याला युवराज म्हणायची. त्यानं प्राध्यापक व्हावं असं सरांच्या मनात होतं. त्यानं चंद्रपूर रोडला ट्रकच्या बॉड्या बांधायचं गॅरेज टाकलं. हेही सरांनी एक वेळ चालवून घेतलं. "रथमुसल बनवतो," असं ते पाहुण्यांना सांगत आणि त्यात थोडा अभिमानही असे. बिघडलं ते घरावरून. मुलाचं लग्न झालं, मुलगी झाली, जागा पुरेना. वर मजला चढवू, अंगणातली जुनी न्हाणी पाडून नवी बांधू, असा त्याचा विचार होता. बँकेचं कर्ज मिळत होतं. बँकेला घर त्याच्या नावावर हवं होतं. त्यानं जेवताना बापाला तसं सांगितलं.

सर ताटावरून उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हर्यंक घराण्यात असंच होत होतं. मुलगा मोठा झाला की बापाला आत टाकायचा."

बिंबिसाराला त्याच्या मुलानं, अजातशत्रूनं, तुरुंगात टाकलं आणि तो तिथंच मेला. पुढे त्या घराण्यात दर पिढीला मुलगा बापाला मारतच गेला, असं म्हणतात. हे सर वर्गात इतक्यांदा सांगायचे की वणीतल्या पानवाल्यालाही ठाऊक होतं. त्यामुळे सर काय म्हणाले ते घरातल्या प्रत्येकाला लगेच कळलं. मुलगा त्याच दिवशी बायको-पोरीला घेऊन निघाला आणि गॅरेजच्या मागच्या खोल्यांत राहायला गेला. हे सगळं मी यायच्या आधीचं. मी पाहिलं ते त्यानंतरचं.

त्यानंतरचं असं होतं, की दर एक-दोन दिवसांनी फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजे. काकू पदर सावरत धावत. मुलगा फाटकाबाहेरूनच भाजी, औषधं, कधी मुलीनं काढलेलं चित्र त्यांच्या हातात देई आणि निघून जाई. हॉर्न वाजला की सर पेपर उघडून तोंडासमोर धरत. पेपर कालचा असला तरी धरत. गाडी गेल्यावर पेपर खाली येई आणि सर विचारत, "वांगी आणली का?" म्हणजे ऐकत सगळं असत.

काकू एकदा मला चहा देताना म्हणाल्या, "भाऊ, माह्या घरात दोन राजे हायेत अन् एकही कामाचा नाही." हसल्या, आणि मग हसता हसता त्यांचे डोळे भरले. "मले मजला नको, काही नको. त्यानं एकदा आत येऊन, पाटावर बसून जेवलं पाह्यजे. बस."

मला सरांचा राग यायचा. इतका शहाणा माणूस आणि सख्ख्या पोराशी असा वागतो, हे मला समजत नसे. एका संध्याकाळी फिरताना मी धीर करून बोललो. म्हटलं, सर, बँकेच्या कागदांचं मला कळतं, त्यानं मागितलं त्यात वाकडं काही नव्हतं. सरांनी कॉलरवरची काळी पावडर झटकली. मग म्हणाले, "मौर्य, हे घर कायच्या पैशावर बांधलं माहीत हाय? बापाचं वावर विकून. मीच लावलं विकाले. त्यायचं मन नव्हतं. ते गेले तोवर मले कधी बोलले नाहीत, पन जेवताना माह्याकडे पाह्यत नव्हते." मग ते म्हणाले, "त्या दिवशी पोट्टा बोलला तं मले माहाच आवाज ऐकू आला. बस, तेवढंच."

सर मगधाबद्दल नेहमी पुस्तकी मराठीत बोलत. वऱ्हाडी त्यांच्या तोंडी यायची ती घरातली-गावातली गोष्ट निघाली किंवा राग आला की. त्या दिवशी ते घरापर्यंत वऱ्हाडीतच बोलले.

आणि मग ती मे महिन्यातली रविवारची सकाळ उजाडली. वणीतला मे काय असतो ते वणीत राहिल्याशिवाय कळत नाही. आठ वाजता पत्र्याला हात लाववत नाही. आमची न्हाणी अंगणात, छत पत्र्याचं आणि दार जाड लोखंडी पत्र्याचं. घरमालक आणि भाडेकरू सगळ्यांची मिळून ती एकच. सर आंघोळीला गेले होते. मी माझी बादली घेऊन ओसरीवर वाट बघत बसलो होतो. आतून पाणी पडायचं थांबलं, मग कडी खडखडली, मग दार हलल्यासारखं झालं आणि खालच्या फरशीवर काहीतरी दणकन बसलं.

"मौर्य," आतून आवाज आला, "दार उघडत नाही."

वरची बिजागरी तुटून दार एका अंगाला खचलं होतं. कडी वाकून अडकली होती. मी बाहेरून ढकललं, काकूंनी ढकललं, सरांनी आतून ओढलं. दार पक्कं रुतून बसलं होतं. सरांना रक्तदाबाची गोळी चालू, सकाळचा नाश्ता व्हायचा होता, आणि आत झरोका म्हणजे एक वीट काढलेली. वर पत्रा तापत चाललेला. काकूंनी मला काही न विचारता मोबाइल काढला आणि मुलाला फोन लावला.

तो मोटरसायकलवर आला. हातात घण, खांद्याला सब्बल म्हणजे पहार. दोन वर्षांत पहिल्यांदा फाटकाच्या आत आला, पण ते लक्षात यायला कुणाला सवड नव्हती. त्यानं दाराला कान लावला, बिजागरी चाचपली आणि म्हणाला, "बाबा, दार आत पाडा लागते. तुम्ही मांग सरका, टाक्याकडे."

मग सरांनी विचारलं, "कोन हाय?"

"मी हाय बाबा."

"हातात काय हाय?"

"घण हाय."

आणि सर दाराला पाठ लावून बसले. दार हललं त्यावरून आम्हाला ते बाहेर कळलं. "नाही सरकत," ते म्हणाले. "आज न्हाणीपासून सुरवात केली. उद्या सैपाकघर. परवा मी."

"अहो!" काकू ओरडल्या. "आत शिजून मराल ना तुम्ही!"

"मरन. बिंबिसारही आतच मेला."

मुलाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं घण जमिनीवर टाकला. "घ्या मंग. मले काय हौस हाय तुमच्या न्हाणीची? माय बोलावते म्हनून आलो," असं म्हणून तो फाटकाकडे चालायला लागला. काकू त्याच्या मागे गेल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. ते सोडलं नाही.

मी दाराशी बसलो. सर तुटक तुटक बोलत होते. आवाज बारीक होत चालला होता. मला मनापासून भीती वाटली. हा माणूस आत बेशुद्ध पडला, तोही दाराला टेकून, तर दार तोडायचं कसं? दार त्याच्याच अंगावर पडणार. त्यांना बोलतं ठेवलं पाहिजे एवढंच मला सुचलं आणि त्यांना बोलतं ठेवायचा एकच मार्ग मला माहीत होता.

"सर," मी म्हटलं, "बिंबिसार तुरुंगात मेला ते कळलं. पण अजातशत्रू शेवटी त्याला भेटायला गेला होता का?"

आतून दाराला पाठ घासल्याचा आवाज आला.

"प्रश्न चुकीचा आहे," सर म्हणाले. भाषा पुस्तकी झाली होती. मला बरं वाटलं. "गेला की नाही, असं नाही विचारायचं. का गेला, असं विचारा."

"का गेला?"

"त्याला मुलगा झाला. जैन परंपरेत ही कथा आहे. मुलाला मांडीवर घेऊन तो जेवत होता, आणि त्यानं आईला विचारलं, माझं या मुलावर जेवढं प्रेम आहे तेवढं जगात कुणाचं कुणावर असेल का? आई म्हणाली, तुझ्या बापाचं होतं. तू तान्हा होतास. तुझं बोट चिघळलं, पू झाला, तू रात्रंदिवस रडायचास. तुझा बाप ते बोट स्वतःच्या तोंडात धरून बसायचा, तेव्हा तू झोपायचास." सर थांबले. "हे ऐकलं आणि अजातशत्रू ताटावरून उठला. कुऱ्हाड घेतली आणि तुरुंगाकडे धावत सुटला."

"कुऱ्हाड? मारायला?"

"बेड्या तोडायला. किल्ली मागवत बसायला त्याला धीर नव्हता. पहारेकऱ्यांनी आत येऊन सांगितलं, महाराज, युवराज कुऱ्हाड घेऊन येताहेत. आणि बिंबिसाराला वाटलं..."

पुढचं वाक्य आलं नाही.

मी हे कधीच ऐकलं नव्हतं. सर नेहमी बिंबिसार मेला म्हणत आणि पुढच्या घराण्यावर जात. मी मागे पाहिलं. मुलगा फाटकापाशी उभा होता, काकूंनी मनगट धरलेलंच होतं. तो हळूहळू परत आला आणि दारासमोर उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "मी तुमच्या वर्गात होतो. हे तं तुम्ही कधीच नाही सांगितलं."

"अभ्यासक्रमात नव्हतं," आतून आवाज आला.

रोडवरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज दूर जाईपर्यंत सगळे तसेच उभे होते. मग सर बोलले, आणि आता ते घरच्या बोलीत बोलत होते. "त्याले वाटलं पोट्टा माराले येऊन राह्यला. जहर खाल्लं त्यानं. पोट्टा दारात पोचला तं बाप खतम." मग म्हणाले, "दोन मिनिटं थांबाले काय झालतं त्याले? पुसाचं तरी, का बाप्पा, कायले आला म्हनून."

आत बादली सरकली. फरशीवर ओले पाय घासत गेल्याचा आवाज आला.

"सरकलो," सर म्हणाले. "टाक्याच्या कोपऱ्यात हाय. मार."

मुलानं घण उचलला. पहिला घाव त्यानं असा घातला, की जणू आत कुणी तान्हं मूल झोपलंय. काकू म्हणाल्या, "अरे, नीट मार ना!" मग त्यानं नीट मारला. बिजागरी सुटली, दार आडवं पडलं. सर टाक्याला धरून उभे होते, कमरेला पंचा, सगळं अंग घामानं निथळत होतं, चष्म्यावर वाफ. मुलानं त्यांना काखेत धरून बाहेर आणलं, खाटेवर बसवलं. काकूंनी मीठ-साखरेचं पाणी दिलं. तांब्या मुलानं धरला. मी उगाच माझी बादली इकडून तिकडे ठेवत होतो.

पाणी पिऊन झाल्यावर सर पडलेल्या दाराकडे बघत म्हणाले, "एवढं जाड दार."

"बिजागरी गंजली होती," मुलगा म्हणाला.

दोन वर्षांनी बापलेकांचं समोरासमोर झालेलं बोलणं एवढंच. मुलानं घण उचलला, सब्बल खांद्याला लावली आणि जायला निघाला. काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी सरांकडे. सर भिंतीकडे बघत होते. थांब म्हणायला त्यांना जमत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. मुलगा फाटकाला हात लावणार तेवढ्यात सर खाटेवरून गरजले, "का रे! दार तोडून चालला काय? मी आता उघड्यावर आंघोळ करू?"

मुलगा वळला. "नवीन बनवून देतो ना बाबा."

"कधी?"

"माप घ्या लागन. पत्रा आना लागन. टाइम लागन."

"मंग दार होये परेंत इथंच राह्य," सर म्हणाले. "मी तुह्या मांगं गॅरेजवर फिरू काय दारासाठी?"

मुलानं खांद्यावरची सब्बल उतरवली. मग त्यानं घण फाटकाच्या आत ठेवला. त्या दिवशी तो पाटावर बसून जेवला. काकूंनी त्याला किती वाढलं ते मी सांगत नाही, तो बिचारा शेवटी पाणीही पिऊ शकत नव्हता.

न्हाणीला काकूंनी जुन्या साडीचा पडदा लावला. आत कुणी असलं तर टॉवेल बाहेर टाकायचा, असं ठरलं. संध्याकाळी मुलानं टेप घेऊन माप घेतलं, सरांनी दुसरं टोक धरलं. आठवड्यानं सूनबाई आणि नात दाराचं काय झालं ते बघायला आल्या आणि राहिल्या. पावसाळा आला, वाऱ्यानं पडदा उडायला लागला, तेव्हा मुलानं खाली एक लोखंडी सळई ओवून दिली. ट्रकची अख्खी बॉडी आठ-दहा दिवसांत उभी करून चंद्रपूरला रवाना करणारा माणूस. त्याच्याकडून न्हाणीचं एक दार काही होईना. कधी पत्रा बरोबर नाही, कधी वेल्डर गावाला गेलेला. आणि प्रश्न विचारल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नसे, त्या सरांनी दाराचं कधी विचारलं नाही.

माझी बदली झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा कामानं वणीला गेलो, तर मुद्दाम घरावरून गेलो. वर मजला झालाय. सर आता थकलेत, पण शर्ट पांढराच. नात समोर बसून मोठ्यानं काहीतरी वाचत होती आणि सर तिला मध्येच अडवत होते. मी हातपाय धुवायला अंगणात गेलो.

न्हाणीला पडदा होता. जुनी साडी विरली असणार, कारण हा नवीन होता, निळ्या फुलांचा.